भुसा

पहिली शिंक आली तेव्हा आम्ही जेवत होतो.
दुर्वा म्हणाली, बाबा, ससा शिंकला.
मी म्हटलं, ससे शिंकत नाहीत.
खोबऱ्या पुन्हा शिंकला.
सर्दावलेल्या पेटीवर काडी ओढावी
आणि ती पेटू नये, एवढाच आवाज.

चार दिवसांत त्याचे पुढचे पंजे आतून चिकट झाले,
केस गोंदात बुडवून वाळवलेल्या ब्रशासारखे.
सशाला रुमाल नसतो. तो हातानेच नाक पुसतो.
मीही तसाच पुसतो.

राजापूरच्या दवाखान्यात आमच्या आधी
दोन म्हशी, एक शेळी,
आणि साप चावला की काय म्हणून आणलेला कुत्रा.
डॉक्टर तळगावकर नव्या होत्या, खरं बोलल्या:
सशाचं मला फार येत नाही.
मग कोल्हापूरला वर्गमैत्रिणीला फोन लावून
अर्धा तास वहीत लिहीत राहिल्या.
म्हशीचा मालक दारात उभा. त्याला म्हणाल्या, थांबा जरा.

रोज वजन करा.
खातो किती, लेंड्या किती, बघत जा.
ससा नाकानेच जगतो,
तोंड उघडून श्वास घ्यायला लागला
तर सकाळची वाट बघू नका.
आणि घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका,
सगळे तेच करतात.

मग वही मिटता मिटता: खाली काय अंथरता?

भुसा, मी म्हटलं.
कुठला?
माझाच.

तेहतीस वर्षं नाट्याच्या बंदरावर बोटी बांधतोय.
साग, आईन, उंडी.
संध्याकाळी रंध्याखालचा गोळा करून
पिशवी स्कूटरला अडकवून आणायचो,
वाटायचं मऊ आहे, वास चांगला आहे,
लेकीच्या सशाला बापाच्या हातची गादी.
आता त्यात निम्मं प्लायवूड, त्याचा गोंद,
आणि शेजारी फायबर घासतात त्याची पांढरी पूड.
नारळी पौर्णिमेला हमदुलेशेठची बोट पाण्यात हवी,
निवडायला वेळ कुणाला.

सांगताना मला ठसका लागला.
बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, माझ्याकडे बघितलं,
काही बोलल्या नाहीत.
त्यांचं खातं जनावरांचं.

पिंजरा विहिरीवर नेऊन घासला.
सुषमाने जुनी सुती साडी दिली, कुरकुरत:
मी नेसायची राहिले आणि हा मुतणार.
मासळीचा काटा मागून आणला.
एक किलो सहाशे.
एक किलो पाचशे चाळीस.
मी कानावरची पेन्सिल काढून चौकटीवर आकडे लिहिले,
नाळेच्या मापांखाली.

शेजारच्या पोराचं वाफेचं मशीन आणलं,
खोक्याला भोक, वर टॉवेल, आत खोबऱ्या,
बाईंनी दिलेलं खारं पाणी, दहा मिनिटं.
चौथ्या मिनिटाला लाईट गेली.
बाहेर पाऊस, आत त्याचा श्वास,
ओल्या फटीत काथ्या ठोकताना येते तशी खरखर.
दुर्वाने टॉवेल उचलला, मोबाईलचा उजेड टाकला.
तोंड बंद आहे, ती म्हणाली.
पुन्हा म्हणाली, बंद आहे.
पहाटे कोथिंबिरीची एक काडी
हळूहळू त्याच्या तोंडात आखूड होत गेली.
आम्ही तिघं बघत बसलो.

बरा झाला, असं बाई म्हणत नाहीत.
म्हणतात, हे राहतं आत. जपा.
बोट पाण्यात गेली. शेठने नारळ सोडला.
मी तोंडाला फडका बांधून उभा होतो,
पोरं हसली, काय मेस्त्री, नवरी झालात काय.

आता घरी आलो की कपडे बाहेर काढतो,
माडाच्या बुंध्यावर झोडतो,
आंघोळ करून मग आत.
खोबऱ्या माझा पंजा हुंगतो, खात्री करून घेतो.

रात्री अंधारात कधी शिंक येते.
कोण शिंकलं? दुर्वा आतून विचारते.
मी म्हणतो, मी. झोप.
बहुतेक वेळा ते खरं असतं.